कोनसमुद्रमचे पोलाद

हैदराबाद शहरातील विद्यानगर वस्तीच्या दोन बाजूंना दोन भिन्न जगे आहेत. एका बाजूस उस्मानिया विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आणि दुसऱ्या बाजूस आजमाबादची जुनी औद्योगिक वसाहत. मधून काचीगुड्याकडून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग गेला आहे. विद्या आणि कारखाना यांचा असा शेजार येथे गेल्या शतकातच घडून आला, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु विद्यानगरहून ईशान्येस थोडेसे गेले, की मौला अलीची टेकडी लागते, आणि त्या टेकडीच्या आसपासचा इतिहास या समजुतीला छेद देतो. मोठमोठे धोंडे वर्तुळाकार मांडून त्यांच्या मध्यभागी दगडी पेटीत मृतांना पुरण्याची एक चाल दक्षिणेत फार प्राचीन काळी होती. तशी शिलावर्तुळे या टेकडीच्या परिसरात आढळली. निजाम रेल्वेचे वैद्यकीय अधिकारी हंट यांनी हैदराबाद संस्थानातील अशा थडग्यांचा अभ्यास केला आणि १९२४ मध्ये त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. या प्रकारच्या थडग्यांत काळ्या-तांबड्या मडक्यांबरोबर जी वस्तू पुन्हा पुन्हा सापडते, ती म्हणजे लोखंड. भाल्याची पाती, सुरे, कुऱ्हाडी अशा वस्तू मृताच्या सोबतीस दिलेल्या असत.

याच मौला अलीच्या शेजारी १९७१ मध्ये अणुभट्ट्यांना लागणारे धातू आणि इंधन सिद्ध करणारा कारखाना उभा राहिला, आणि १९७३ मध्ये शहराच्या दक्षिण भागात विशेष मिश्रधातूंसाठी मिश्र धातु निगमची स्थापना झाली. एकीकडे थडग्यातला गंजलेला भाला आणि दुसरीकडे अणुयुगातील मिश्रधातू! या दोहोंमध्ये अडीच-तीन हजार वर्षांचे अंतर आहे. ते अंतर रिकामे नव्हते. तेलंगणाच्या खेड्यापाड्यांत त्या सर्व काळात लोखंड गाळले जात होते. त्या दीर्घ परंपरेचा कळस जेथे झाला ते गाव आज बहुतेकांच्या स्मरणातून गेले आहे. त्या गावाचे नाव कोनसमुद्रम.

हे गाव हैदराबादच्या उत्तरेस निझामाबाद जिल्ह्यात, कम्मरपल्लीजवळ आहे. नावात समुद्र असला तरी येथून समुद्र शेकडो मैल दूर. दक्षिणेत मोठ्या तलावालाही समुद्र म्हणण्याची रीत आहे. शेजारच्या कम्मरपल्लीच्या नावाचा अर्थ मात्र सरळ आहे. तेलुगू भाषेत कम्मरी म्हणजे लोहार. तेव्हा कम्मरपल्ली म्हणजे लोहारांची वाडी. या मुलखाच्या उत्तरेस गोदावरी वाहते, नदीपलीकडे निर्मळ, आणि पश्चिमेस नांदेडचा मराठी प्रदेश. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेपर्यंत हा सारा भाग एकाच हैदराबाद राज्यात होता आणि त्यातील बाजारपेठा एकमेकींस जोडलेल्या होत्या. त्यामुळे या गावाची कथा मराठी वाचकास परक्या मुलखाची वाटण्याचे कारण नाही.

तशी ती अधिक जुन्या अर्थानेही परकी नाही. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात डॉ. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले, त्यात लोखंड गाळण्याची एक भट्टीच हाती लागली. तिचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. नायकुंडची माणसेही शिलावर्तुळे रचणारी होती. म्हणजे विदर्भ आणि तेलंगण या दोन्ही प्रदेशांत, राज्ये आणि भाषा यांच्या आजच्या सीमा उमटण्यापूर्वी, एकाच प्रकारची माणसे एकाच प्रकारे आपले मृत पुरत होती आणि एकाच प्रकारे लोखंड गाळत होती.

आता लोखंड गाळणे आणि पोलाद करणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. शुद्ध लोखंड वितळण्यास सुमारे १५३५ अंश सेल्सिअस इतकी उष्णता लागते. मातीच्या भट्टीत लोणारी कोळसा जाळून आणि हाताने भाता चालवून एवढी उष्णता मिळविणे फार कठीण. म्हणून जुन्या भट्टीत लोखंड पाण्यासारखे वितळत नसे. खनिजातील माती-दगड तेवढा वितळून कीट होऊन वाहून जाई, आणि लोखंडाचा स्पंजासारखा सच्छिद्र गोळा मागे उरे. तो तापवून, घणाने ठोकून त्यातले उरलेसुरले कीट काढले, म्हणजे नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड घडविण्याजोगे लोखंड तयार होई. असे लोखंड मऊ असते; त्याला धार लावली तरी ती फार काळ टिकत नाही. त्यात कार्बनचा अंश योग्य प्रमाणात मिसळला, की तेच लोखंड कठीण आणि चिवट होते. त्यालाच पोलाद म्हणतात. हा कार्बन सर्वत्र सारखा मिसळावयाचा, तर लोखंड पूर्णपणे वितळावयास हवे. ही अडचण दक्षिण भारतातील लोहारांनी मुशीचा उपयोग करून सोडविली. कार्बन जसजसा लोखंडात शिरतो, तसतसे ते कमी उष्णतेवर वितळू लागते, आणि बंद मुशीत हे काम बाहेरच्या हवेचा स्पर्श न होता पार पडते. या तत्त्वाचे शास्त्रीय विवरण त्या लोहारांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ते काम कसे करावयाचे, हे मात्र त्यांना नेमके ठाऊक होते.

कोनसमुद्रमला हे काम कसे चाले याचे एक प्रत्यक्षदर्शी वर्णन सुदैवाने उपलब्ध आहे. ते लिहिणारा डॉ. हेन्री व्हॉयसी हा भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणात शल्यचिकित्सक आणि भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून नेमलेला होता. या सर्वेक्षणाचे प्रमुख कर्नल लॅम्बटन हे जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे मृत्यू पावले. त्यांची समाधी तेथेच आहे. पुढच्याच वर्षी, १८२४ मध्ये, व्हॉयसीचाही प्रवासात अंत झाला. त्याने मागे ठेवलेली टिपणे १८३२ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली, आणि त्यांत कोनसमुद्रमच्या पोलादाची हकीकत होती. एका सर्वेक्षकाने वाट वाकडी करून हे गाव पाहिले नसते आणि त्याच्या पश्चात कोणी ते कागद जपले नसते, तर या विद्येचा केवळ लौकिक उरला असता.

व्हॉयसीच्या वर्णनातील पहिली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की कोनसमुद्रमचे पोलाद एका प्रकारच्या लोखंडापासून होत नसे. त्यासाठी दोन वेगळ्या ठिकाणांहून आणलेले लोखंड एकत्र करीत. एक काळ्या, चुंबकाला चिकटणाऱ्या खनिज वाळूपासून काढलेले असे, तर दुसरे जांभ्यासारख्या तांबड्या मातीत सापडणाऱ्या खनिजापासून. पहिल्याचे तीन भाग आणि दुसऱ्याचे दोन भाग असे हे प्रमाण होते, आणि ते अंदाजाने न घेता तराजूने तोलून घेत. लोखंडाचे लहान तुकडे मुशीत घालून त्यांबरोबर थोडी काच टाकीत. मग मुशीचे तोंड मातीने लिंपून ती भट्टीत ठेवीत. भाते चोवीस तास अखंड चालत. एवढा वेळ भाता हलविणे हे एकट्या माणसाचे काम नव्हे. साऱ्या वस्तीची ती सामुदायिक मेहनत होती. नंतर भट्टी सावकाश निवू देत आणि मूस फोडून आतली पोलादाची वडी बाहेर काढीत. ती वजनाने सुमारे दीड पौंड भरे.

काम येथे संपत नसे. ही वडी इतकी कठीण असे, की तशीच घणाखाली घेतली तर तिचा चुरा व्हावा. म्हणून तिला मातीचा लेप देऊन पुन्हा भट्टीत घालीत, बारा ते सोळा तास मंद ताव देत आणि मग निवू देत. हा ताव तीन-तीन, चार-चार वेळा द्यावा लागे. तेव्हा कोठे पोलाद ठोकून आकार घेण्याइतके नरम पडे. खनिज खणणारा, कोळसा पाडणारा, मुशी घडविणारा, भाता चालविणारा, ताव ओळखणारा असा प्रत्येकाचा हातभार त्या दीड पौंडाच्या वडीला लागलेला असे.

दुसरी लक्षणीय गोष्ट म्हणजे व्हॉयसीला तेथे भेटलेला परदेशी पाहुणा. इराणातील इस्पहान शहराचा हाजी हुसेन नावाचा व्यापारी आपल्या माणसांसह कोनसमुद्रमला मुक्काम ठोकून होता. तो केवळ तयार माल विकत घेणारा गिऱ्हाईक नव्हता. लोखंडाचे वजन होताना तो जातीने हजर राही आणि तयार झालेल्या पोलादाचा कस स्वतः पाही. त्याने व्हॉयसीला सांगितले, की हे गाव आणि येथली कृती ही दोन्ही इराणात सर्वांस माहीत आहेत. आपल्या देशात असे पोलाद करून पाहण्याचे प्रयत्नही झाले, परंतु ते साधले नाही. इस्पहानच्या व्यापाऱ्याने समुद्र ओलांडून, दक्षिणेतील रस्ते तुडवीत तेलंगणातल्या एका खेड्यात मुक्काम करावा आणि तेथल्या लोहाराच्या भट्टीपाशी बसून राहावे, यावरून त्या मालाची किंमत कळून येते.

हा व्यापार व्हॉयसीच्या काळी नव्याने सुरू झालेला नव्हता. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने नोंदविले आहे, की ज्या पोलादाच्या पात्यावर नक्षी उमटते ते गोवळकोंड्याच्या राज्यातून येते. त्याच शतकात, १६६६-६७ च्या सुमारास या भागातून प्रवास करणाऱ्या थेव्हनो या फ्रेंच प्रवाशाने इंदलवाई येथे तलवारी, कट्यारी आणि भाले होतात आणि ते सर्वत्र विकले जातात, असे लिहिले आहे. हे इंदलवाई निझामाबाद जिल्ह्यातच आहे. गोदावरीकाठच्या दिमदुर्तीच्या लोखंडाच्या खाणींचाही जुन्या वृत्तांतांत असाच उल्लेख येतो. तेव्हा कोनसमुद्रम हे एकाकी गाव नसून खाणी, जंगले, भट्ट्या आणि बाजार यांच्या एका मोठ्या जाळ्यातील मुख्य गाठ होते.

इराणातील आणि तुर्कस्तानातील कारागीर या वड्यांपासून तलवारी घडवीत. पात्यावर आम्लाचा हात फिरविला, म्हणजे पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसू लागे. तिला जौहर म्हणत. युरोपियनांनी अशा तलवारींस दमास्कसच्या तलवारी हे नाव दिले. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अशी प्रत्येक तलवार कोनसमुद्रमच्याच पोलादाची होती, असे मानणे चुकीचे ठरेल. तमिळनाडूतील सेलम, म्हैसूरचा मुलूख आणि सिंहलद्वीप येथेही मुशीतले पोलाद होत असे. मध्य आशियातील मर्व्ह या नगरात नवव्या-दहाव्या शतकांतील अशाच मुशी सापडल्या आहेत. कोनसमुद्रमचा मोठेपणा एकमेवपणात नाही. अनेक ठिकाणी चालणाऱ्या विद्येत त्याने जो दर्जा गाठला आणि टिकविला, त्यात तो आहे.

शब्दांचा प्रवासही या व्यापाराची साक्ष देतो. मराठीतील पोलाद हा शब्द फारसीतील आहे. म्हणजे ज्या दक्षिणेतून वस्तू इराणात गेली, त्याच दक्षिणेच्या एका भाषेत तिचे इराणी नाव परत आले आणि रुळले. दुसरीकडे तेलुगू आणि कन्नड भाषांत पोलादाला उक्कु म्हणतात. या शब्दावरून, अपभ्रंश होऊन, वूट्झ हे नाव इंग्रजीत गेले, असे बहुतेक विद्वान मानतात. त्या नावाला युरोपात प्रतिष्ठा मिळण्यास मुंबईही कारण झाली. मुंबईचे डॉ. हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे या पोलादाचे नमुने पाठविले. पुढच्या वर्षी जॉर्ज पियर्सन यांनी त्यांच्या परीक्षणाचा निबंध वाचला, आणि युरोपातील रसायनशास्त्रज्ञांत या वडीविषयी कुतूहल निर्माण झाले.

या कुतूहलाने ज्यांना झपाटले त्यांत मायकेल फॅरेडे हे प्रमुख होत. विजेच्या शोधांमुळे जगद्विख्यात झालेले फॅरेडे हे एका लोहाराचे पुत्र होते. जेम्स स्टोडार्ट या शस्त्रवैद्यकीय हत्यारे करणाऱ्या कारागिराच्या साहाय्याने त्यांनी १८१८ ते १८२२ पर्यंत पोलादावर प्रयोग केले. हिंदी पोलादाचे गुण त्यातील ॲल्युमिनामुळे येत असावेत, असा त्यांचा प्रारंभीचा तर्क होता. पुढे तो टिकला नाही. पॅरिसमध्ये ब्रेआँ याने सुमारे त्याच वेळी सारे रहस्य कार्बनच्या प्रमाणात आहे हे ओळखले. रशियात अनोसोव्ह याने या विषयावर वर्षानुवर्षे खटपट करून १८४१ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. कोनसमुद्रमच्या भट्ट्या पेटलेल्या असताना युरोपातील उत्तमोत्तम बुद्धिमंत त्यांच्या रहस्याचा असा शोध घेत होते. यातूनच मिश्रधातूंच्या आधुनिक शास्त्राला चालना मिळाली.

तो शोध विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालू राहिला. जुन्या पात्यांत सुमारे दीड टक्का कार्बन असतो, हे आता निश्चित आहे. अमेरिकेतील धातुशास्त्रज्ञ व्हेरहोव्हेन आणि शस्त्रकार पेंड्रे यांनी १९९० च्या दशकात प्रयोगांनी असे दाखविले, की नक्षी उमटण्यास कार्बन पुरेसा नाही. खनिजातून येणारा व्हॅनेडियमसारख्या धातूचा अत्यल्प अंशही आवश्यक असतो. हे मान्य केले, तर विशिष्ट ठिकाणचेच लोखंड हवे, हा जुन्या लोहारांचा आणि हाजी हुसेनचा आग्रह किती सार्थ होता हे कळते. तराजूत तोललेल्या त्या तीन आणि दोन भागांत पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव साठलेला होता.

मग ही विद्या लयाला का गेली? याचे उत्तर एका कारणात देता येत नाही. बंदुका आणि तोफा आल्या आणि तलवारीचे महत्त्व ओसरले. त्यामुळे इराणातील मागणी आटली. १८५६ मध्ये बेसेमर यांची पद्धत निघाली आणि इंग्लंडात एका वेळी अनेक टन पोलाद ओतले जाऊ लागले. चोवीस तासांच्या श्रमाने दीड पौंडाची वडी काढणारा लोहार त्या भावाशी कशी स्पर्धा करणार? १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद हा लोहमार्ग सुरू झाला आणि स्वस्त विलायती माल हैदराबादच्या दारी आला. भट्ट्यांना लागणारा लोणारी कोळसाही जंगले विरळ होत गेल्याने महागला. शेवटी शेवटी लोहारांपाशी फाळ शेवटण्याचे आणि विळे पाजविण्याचे काम तेवढे राहिले, आणि तेही आयात लोखंडावर.

येथे खरी हानी झाली ती अशी. धंदा बुडाला, की कारागीर दुसरे काम शोधतो. दोन पिढ्यांत त्याची हातोटी जाते. इराणच्या व्यापाऱ्यांनी पोलाद नेले, इंग्रजांनी नमुने नेले, शास्त्रज्ञांनी निबंध लिहिले. परंतु लोहाराने स्वतः काही लिहून ठेवले नव्हते. भट्टीच्या ज्वाळेचा रंग पाहून आत काय चालले आहे हे ओळखणारी नजर कागदावर उतरतही नाही. ज्यांच्या पोलादाची तलवार आज जगातील संग्रहालयांत काचेच्या पेटीत मांडलेली आहे, त्यांच्यापैकी एकाचेही नाव व्हॉयसीच्या वृत्तांतातून प्रसिद्धीस आले नाही. इस्पहानच्या हाजी हुसेनचे नाव मात्र आले.

तरीही एक दफ्तर मागे राहिले आहे, आणि ते मातीत आहे. उत्तर तेलंगणातील अनेक गावांच्या शिवारांत लोहकिटाचे ढीग आणि फुटलेल्या मुशींच्या खापऱ्या आढळतात. थेल्मा लो या अमेरिकन संशोधिकेने दक्षिणेतील अशा मुशींची सूक्ष्म तपासणी केली. तेव्हा असे दिसून आले, की मातीत भाताचा कोंडा भरपूर मिसळलेला असे. कोंडा जळून जाई, परंतु त्यातील सिलिका मुशीच्या भिंतीत राहून प्रचंड उष्णतेत तिला बळकटी देई. तेलंगणाच्या तलावांखालील भातशेती आणि इस्पहानची तलवार यांचा संबंध असा एका खापरीतून उलगडला. या मुलखात वर्षानुवर्षे हिंडून माहिती जमविणारे डॉ. एस. जयकिशन, बंगळूरच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेच्या डॉ. शारदा श्रीनिवासन आणि इंग्लंडातील एक्झेटर विद्यापीठाच्या डॉ. गिल जुलेफ यांच्या सहकार्याने २०१० मध्ये उत्तर तेलंगणातील गावोगावच्या अशा अवशेषांची पाहणी झाली. ज्याला गावकरी निरुपयोगी काळे दगड समजत, ते इतिहासाचे साधन आहे, ही जाणीव त्यामुळे दृढ झाली.

किल्ला, देऊळ किंवा शिलालेख यांचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. किटाच्या ढिगाला मात्र कोणी वाली नसतो. शेताचा बांध सरळ करताना किंवा रस्त्याला भर घालताना असा ढीग नाहीसा होण्यास एक दिवस पुरतो. तो गेला, की कोणत्या खनिजाचे लोखंड तेथे गाळले, भट्टी किती तापली, काम किती शतके चालले, हे विचारण्याची सोयच उरत नाही. थडग्यातील लोखंडाने दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची ओळख पटविली. मग दोनशे वर्षांपूर्वीच्या लोहारांची ओळख हरवू देणे शहाणपणाचे होणार नाही. यास फार मोठा खर्च लागतो असेही नाही. गावच्या नकाशावर अशा जागांची नोंद, शाळेच्या कपाटात नाव-गाव लिहून ठेवलेल्या दोन-चार खापऱ्या, आणि वृद्ध लोहारांच्या तोंडची माहिती टिपून घेणारा एखादा शिक्षक, एवढ्यानेही पुष्कळ वाचेल.

विद्यानगरच्या दोन्ही अंगांना असलेल्या विद्यापीठाने आणि कारखान्यांनी या कामास आपले मानले, तर ते उचित होईल. हैदराबाद हे आज धातुसंशोधनाचे एक प्रमुख केंद्र आहे. येथील प्रयोगशाळांत मिश्रधातूंचे प्रमाण अतिसूक्ष्म उपकरणांनी ठरविले जाते. त्याच मातीत, अशी कोणतीही उपकरणे हाती नसताना, कोनसमुद्रमच्या लोहाराने तराजूच्या एका पारड्यात तीन भाग आणि मग दोन भाग लोखंड तोलून घेतले होते. त्याची खापरी आणि त्याचे कीट अजून शिवारात पडून आहे. ते जपणे पुढच्या पिढ्यांच्या नव्हे, आजच्या पिढीच्या हाती आहे.